विश्लेषण : काम आहे, निधीही आहे; मग छोट्या संस्थांचे अनुदान अडते कुठे?

तालुक्याच्या गावात दहा वर्षे मुलांसाठी अभ्यासिका चालवणारी एक संस्था आहे, असे समजू. जवळच्या औद्योगिक वसाहतीतील कंपनीचे अधिकारी येतात, काम पाहतात आणि मदतीची तयारी दाखवतात. मग ‘सीएसआर-१ क्रमांक आहे का? १२ए आणि ८०जी आहे का? विश्वस्तांची अद्ययावत यादी द्या’ अशी विचारणा होते. संस्थेकडे फक्त धर्मादाय कार्यालयाचे जुने नोंदणी प्रमाणपत्र असते. त्यावरील अध्यक्षांचे निधन होऊन काही वर्षे लोटलेली असतात. कागद जमेपर्यंत आर्थिक वर्ष संपते आणि निधी दुसरीकडे जातो. अशी वेळ येऊ नये म्हणून अनुदानाचे मार्ग कोणते, त्यासाठी काय लागते आणि कोणत्या मुदती चुकवून चालत नाहीत, याविषयी...

संस्थांसाठी निधीचे स्रोत कोणते?

ढोबळमानाने पाच. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर), केंद्र व राज्य सरकारची अनुदाने, टाटा ट्रस्ट्स किंवा अझीम प्रेमजी फाउंडेशन यांसारख्या देणगीदार संस्था, व्यक्तींच्या देणग्या आणि परदेशी निधी. यांत छोट्या संस्थांच्या सर्वाधिक अपेक्षा सीएसआरकडून असतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये किंवा अधिक नक्त मालमत्ता, एक हजार कोटी किंवा अधिक उलाढाल अथवा पाच कोटी किंवा अधिक निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. २०२२-२३ मध्ये देशभरातील असा खर्च सुमारे ३० हजार कोटी रुपये होता आणि राज्यनिहाय वाट्यात महाराष्ट्र आघाडीवर होता.

मोठ्या कंपन्यांच्याच मागे लागावे का?

तशी गरज नाही. सरासरी पाच कोटी नफा असलेल्या कंपनीचे दायित्व वर्षाला दहा लाख रुपये होते, तर ३० कोटी नफ्याच्या कंपनीचे ६० लाख. अभ्यासिकेसारख्या कामाला दहा लाखांतील एक हिस्साही वर्षभर पुरू शकतो. दायित्व ५० लाखांपर्यंत असेल तर कंपनीला वेगळी सीएसआर समिती नेमणे बंधनकारक नाही; निर्णय संचालक मंडळच घेते. त्यामुळे जिल्ह्यातील मध्यम कंपनीपर्यंत पोहोचणे तुलनेने सोपे असते. शिवाय कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. याची दुसरी बाजू अशी, की जिथे कारखाने नाहीत तिथे हा निधीही सहज पोहोचत नाही. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील संस्थांना त्यामुळे सरकारी योजना आणि देणगीदार संस्थांवर अधिक अवलंबून राहावे लागते.

सीएसआर निधी कोणाला मिळू शकतो?

नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्था, नोंदणीकृत सोसायटी किंवा कलम ८ खालील ना-नफा कंपनी यांना. सर्वसाधारणपणे संस्थेकडे प्राप्तिकर कायद्याखालील १२ए नोंदणी आणि ८०जी मान्यता असावी लागते. कंपनीने स्वतः स्थापन केलेली संस्था नसेल, तर तशाच स्वरूपाच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून क्रमांक घेणेही बंधनकारक आहे. काम कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसावे लागते. शिक्षण, आरोग्य, स्वच्छता, पर्यावरण, वारसा जतन, ग्रामीण खेळ, ग्रामविकास, आपत्ती व्यवस्थापन असे विषय त्यात आहेत. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे अशा एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांवरील खर्च सीएसआर धरला जात नाही, असे मंत्रालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केले होते. त्यामुळे वर्धापन दिनाचे प्रायोजकत्व मागणारे पत्र आणि सीएसआर प्रस्ताव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कागदपत्रांचा क्रम कसा असावा?

पहिली पायरी धर्मादाय कार्यालयाची. महाराष्ट्रात १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्यांची संस्था नोंदवता येते आणि तिची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खालीही नोंद होते. म्हणून अशा संस्थांकडे दोन क्रमांक असतात. त्यातील विश्वस्त नोंदणीचा क्रमांक ‘एफ’ या अक्षराने सुरू होतो. त्यानंतर संस्थेच्या नावाने पॅन आणि बँक खाते. मग नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ संकेतस्थळावरील नोंदणी. केंद्राच्या योजनांसाठी हा दर्पण क्रमांक मागितला जातो. पुढे १२ए व ८०जी आणि ते हाती आल्यावर सीएसआर-१. एका पायरीचा कागद पुढच्या पायरीला जोडावा लागत असल्याने शेवटच्या महिन्यात सगळे एकदम उभे करता येत नाही.

सर्वाधिक अडचण कशाची येते?

‘बदल अर्ज’ किंवा ‘चेंज रिपोर्ट’ची. विश्वस्त बदलले, कोणाचे निधन झाले, पत्ता बदलला तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. गावपातळीवरच्या संस्थांत नवी कार्यकारिणी बैठकीत निवडली जाते, पेढे वाटले जातात. अर्ज मात्र राहून जातो. मग बँकेत सही एकाची, धर्मादाय नोंदीत नाव दुसऱ्याचे आणि दर्पणवर तिसऱ्याचे, अशी स्थिती होते. निधी देणारा सर्वांत आधी हीच नावे जुळवून पाहतो. नावे जुळली नाहीत तर काम कितीही चांगले असले तरी करारावर सही कोणी करायची, हाच प्रश्न उरतो. जुने बदल अर्ज साचले असतील, तर आधीच्या बदलाला मंजुरी मिळाल्याशिवाय पुढचा बदलही रखडण्याची शक्यता असते.

प्राप्तिकराच्या मुदती चुकल्या तर?

नव्या संस्थेला १२ए व ८०जी साठी आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. अनेक संस्थांच्या लक्षात ‘तीन वर्षे’ राहतात, ‘सहा महिने’ राहत नाहीत. नियमित नोंदणीचीही मुदत असते. ती पाच वर्षांची होती; लहान संस्थांना दिलासा म्हणून २०२५ च्या वित्त कायद्याने, आधीच्या दोन वर्षांत प्रत्येकी पाच कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांसाठी १२ए नोंदणीची मुदत दहा वर्षे केली. मुदतीत अर्ज न केल्यास करसवलत जाते. इतकेच नव्हे, तर संस्थेच्या निव्वळ मालमत्तेच्या बाजारमूल्यावर कर आकारण्याची तरतूदही २०२३ पासून आहे. देणगीतून बांधलेली छोटी इमारत असलेल्या संस्थेसाठी ही बाब गंभीर आहे. प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा कायदा असून, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे जुन्या आणि नव्या क्रमांकांचा मेळ सनदी लेखापालाकडून घालून घेणे योग्य.

८०जी असले की देणगीदारांना आपोआप सवलत मिळते का?

नाही. वर्षभरातील देणग्यांचा तपशील संस्थेने १०बीडी अर्जाद्वारे ३१ मेपर्यंत प्राप्तिकर विभागाकडे भरायचा आणि त्यावरून देणगीदारांना १०बीई प्रमाणपत्र द्यायचे, अशी पद्धत आहे. उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क लागते. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर सवलत मिळत नाही. तसेच नवी करप्रणाली निवडणाऱ्या व्यक्तीलाही ८०जीची वजावट घेता येत नाही. त्यामुळे केवळ करसवलतीच्या आधारे देणग्या मागण्याचे दिवस कमी होत आहेत. कामाचा हिशेब दाखवणे अधिक उपयोगी ठरते.

सरकारी अनुदानाचे गणित वेगळे कसे?

ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग पुनर्वसन, व्यसनमुक्ती, आदिवासी कल्याण, कला-संस्कृती अशा विषयांसाठी केंद्राच्या अनुदान योजना आहेत. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या कायद्यानुसार मान्यता मिळते आणि अ, ब, क, ड या वर्गांप्रमाणे अनुदान दिले जाते. वाचनालय आणि अभ्यासिका एकत्र चालवणाऱ्या संस्थेसाठी हा ओळखीचा मार्ग आहे. ग्रंथ खरेदी आणि इमारतीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्याही योजना आहेत. मात्र सरकारी पैसा बहुधा हप्त्यांनी येतो. आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही. हप्ता लांबला तरी ग्रंथपालाचा पगार आणि विजेचे बिल थांबत नाही. म्हणून काही महिन्यांचा खर्च भागेल इतकी गंगाजळी नसलेली संस्था अनुदान मंजूर होऊनही अडचणीत येऊ शकते.

पगारासाठी निधी मिळतो का?

संगणक, पुस्तके, कपाटे यांसाठी दाते लवकर तयार होतात. अभ्यासिका उघडणाऱ्या आणि मुलांना शिकवणाऱ्या माणसाच्या मानधनासाठी तितके होत नाहीत. अनेकदा ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही’ असे कारण दिले जाते. प्रत्यक्षात ही पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावरील खर्चाला आहे. काम राबवणाऱ्या संस्थेचा प्रकल्प चालवण्यासाठीचा खर्च त्यात धरला जात नाही, हे मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात सांगितले आहे. म्हणून प्रस्तावात शिक्षकाचे मानधन ‘इतर खर्च’ या रकान्यात दडवण्यापेक्षा प्रकल्पाचा खर्च म्हणून, कामाच्या तासांसह मांडणे बरे.

परदेशातील गावकऱ्याने पैसे पाठवले तर?

इथे पासपोर्ट महत्त्वाचा. परदेशात राहणाऱ्या, पण भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधी मानली जात नाही. तीच व्यक्ती अमेरिकेची नागरिक झाली असेल तर ओसीआय कार्ड असूनही ती परदेशी देणगी ठरते आणि ‘एफसीआरए’ नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही. या नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी असावी आणि त्या काळात तिने मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत, अशी अट आहे. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात आणि एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे ‘आमच्या खात्यात घेतो, मग तुम्हाला देतो’ हा मदतीचा मार्ग २०२० च्या दुरुस्तीपासून बंद आहे.

नोंदणी नसलेल्या मंडळांचे व बचत गटांचे काय?

नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर विश्वस्त कायद्याच्या कलम ४१सी खाली परवानगी घेता येते. गणेशोत्सव मंडळांना ही पद्धत परिचयाची आहे. बचत गटांना ‘उमेद’ अभियानातून फिरता निधी आणि बँक कर्जाची जोड मिळते. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे ठेवण्याची मुभा नियमांत आहे. म्हणजे गटाने नोंदणीकृत संस्थेबरोबर काम केले तर पिठाची गिरणी किंवा शिलाई यंत्रे गटाच्या मालकीची होऊ शकतात. हे करारात आधीच लिहून घ्यावे.

कोणापासून सावध राहावे?

‘सीएसआर मिळवून देतो, आधी टक्केवारी द्या’ म्हणणाऱ्या मध्यस्थांपासून आणि देणगी घेऊन काही रक्कम रोखीने परत मागणाऱ्यांपासून. दिलेला निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाला, हे कंपनीच्या वित्त प्रमुखाला प्रमाणित करावे लागते. त्यामुळे प्रत्येक बिल तपासले जाऊ शकते. खोटी पावती दिल्यास जबाबदारी मध्यस्थावर नव्हे, सही करणाऱ्या विश्वस्तांवर येते.

सुरुवात कुठून करावी?

प्रस्ताव लिहिण्याआधी धर्मादाय नोंद, बँक, पॅन आणि दर्पण या चार ठिकाणची नावे व पत्ते समोरासमोर ठेवून पाहावेत. मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब एका ठिकाणी आणावेत. १२ए, ८०जीच्या अंतिम तारखा आणि ३१ मे ही तारीख संस्थेच्या भिंतीवर लिहून ठेवावी. कंपन्या सीएसआरचा वार्षिक कृती आराखडा ठरवतात, त्यामुळे मार्चमध्ये धावाधाव करण्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीलाच भेटणे फायद्याचे. प्रस्ताव दोन-तीन पानांचा पुरतो : किती मुले येतात, किती टिकतात, एका मुलामागे वर्षाला किती खर्च होतो आणि निधी थांबल्यावर काम कसे चालेल. अभ्यासिकेच्या हजेरीवहीत यातली पहिली दोन उत्तरे आधीच असतात. ती वही रोज भरली जाते का, हे पाहण्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.