वेरूळच्या वाटेवरचे थांबे

सुट्टी जवळ आली की वस्तीत सहलीची बोलणी सुरू होतात. गाडीभाडे किती, माणशी वर्गणी किती, हा हिशेब लगेच जमतो. वाटेत कुठे उतरायचे ते मात्र ड्रायव्हरवर सोडले जाते. आमचे म्हणणे असे की थांबे आपणच ठरवावेत.

१९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी प्रेक्षणीय स्थळे पाहण्याची इच्छा बाबासाहेबांपाशी बोलून दाखवली. बाबासाहेबही बरोबर येण्यास तयार झाले. काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. बायका-पुरुष मिळून तीसेक मंडळी नाशिकहून निघाली. कार्यक्रम मुद्दामच जाहीर केला नव्हता; मुक्कामाच्या ठिकाणच्या आपल्या माणसांना तेवढे कळवले होते. सहलीला जायचे, तेही ओळख लपवून!

दौलताबादला आपले लोक चहाफराळाची तयारी करून वाट पाहत होते. पण अंधार पडण्याआधी किल्ला पाहून घ्यावा म्हणून मंडळी तशीच पुढे गेली. तो भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. रमजानचा महिना होता. दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला लहानसा हौद होता. अंगावर धूळ बसलेली, म्हणून काहींनी तिथल्या फरशीवर हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला, यांनी हौद बाटवला! जमाव जमला, शिवीगाळ झाली. बाबासाहेबांनी विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यावर अडवाल का? उत्तर कुणाकडेच नव्हते. अखेर किल्ल्यात सोडले, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारी शिपाई दिला. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती.

हे सारे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली छापले. गाडीत चढताना आम्ही तेवढी पुस्तिका न विसरता घेतली.

शिरूरहून पहाटे घोडनदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो (आता अहिल्यानगर). छत्रपती संभाजीनगरात आधी नागसेनवन केले, बाबासाहेबांचे मिलिंद महाविद्यालय तिथेच आहे. मग विद्यापीठाचे प्रवेशद्वार. १९७८ चा विधिमंडळाचा ठराव आणि १९९४ चा नामविस्तार यांमधल्या सोळा वर्षांत काय घडले, हे तरुण पोरांना तिथे उभे राहूनच सांगावे लागले. शाळेत कोण सांगतो?

आमच्यातल्या एका आत्याबाईंनी घरून पाण्याचा कॅन भरून घेतला होता. पोरे हसली, “आत्या, पाणी सगळीकडे मिळतं!” दौलताबादला दरवाजासमोर बसून आम्ही तो प्रसंग मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर आत्या म्हणाल्या, “आम्ही वऱ्हाडाला निघालो की विहिरीपाशी बसून राहायचो. कुणी वरून ओतलं तर ओंजळीत प्यायचं. कॅन तेव्हापासूनचा आहे, बाळांनो.” मग कुणी हसले नाही. किल्ल्यातला मोठा हत्ती हौद पाहून मुलांना वाटले, हाच तो. तो हा नव्हे. प्रसंग बाहेरच्या हौदावरचा.

वेरूळला चौतीस लेणी, त्यांतली पहिली बारा बौद्ध. बहुतेक लोक धावत सोळाव्या कैलासाकडे जातात आणि दमून माघारी फिरतात. आपण एक नंबरापासून सुरुवात करावी. पाचव्या लेण्याला लोक ‘महारवाडा’ म्हणतात. लांबलचक दालन, मधोमध बुटक्या दगडी बाकांच्या दोन ओळी. त्या नावावर मंडळींत बरीच चर्चा झाली. कुणी म्हणाले नाव बदलावे, आत्या म्हणाल्या राहू द्या, जागा आपली होती एवढे तरी कळते. दहाव्या लेण्यात छताला लाकडी वाशांसारख्या कोरीव कमानी आणि समोर स्तूपात बसलेले भगवान बुद्ध. तिथे सर्वांनी वंदना घेतली. आवाज असा घुमला की लहानग्यांनी ती पुन्हा म्हणायला लावली.

लेणी मंगळवारी बंद असतात. गाडी ठरवताना तेवढा वार सोडावा, आणि दौलताबादला दिवस मावळायच्या आत पोहोचावे.