पाचोळ्याचा धूर आणि काडी लावणारा हात



पाचोळा जाळणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मी शास्त्रज्ञ नव्हे, वकीलही नव्हे. माझे जे काही शिक्षण झाले ते कामगारांच्या द्वारसभांत आणि सार्वजनिक वाचनालयांत. या विषयाशी माझी गाठ घालून दिली ती एका झाडूवाल्याने.

इथेच, शिवाजी पार्कच्या आसपास, एका इमारतीत तो कंत्राटावर कामाला होता. माघ-फाल्गुनात बदाम, पिंपळ पाने गाळू लागले की आवारात रोज ढीग साचे. मुकादम म्हणे, "गाडी येत नाही, लावून टाक काडी." तो लावी. एके दिवशी तक्रार झाली, दंड झाला आणि ते पैसे त्याच्या पगारातून कापले गेले. हुकूम देणारा मोकळा राहिला. होळी वर्षातून एकदा येते. पाचोळ्याची ही होळी मात्र रोज पेटत होती, आणि तिचा धूर सर्वांत जास्त गेला तो याच माणसाच्या छातीत.

हा धूर इतका वाईट का? पाने दवाने ओलसर असतात, ढिगात हवा खेळत नाही. म्हणून ती भडकत नाहीत, धुमसतात. धुमसण्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू व अतिसूक्ष्म कण निघतात. अडीच मायक्रॉनचा कण आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढा असतो. तो फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतो. झाडलोटीत प्लॅस्टिकही येतेच, आणि त्याचा धूर अधिक विषारी. परळ-लालबागच्या गिरण्यांना निदान उंच धुराडी होती. पाचोळ्याच्या ढिगाला धुराडे नाही. त्याचा धूर आपल्या नाकाच्या उंचीवरच पसरतो. हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. मग तो वर न जाता तळमजल्याच्या खिडक्यांतून आत शिरतो.

आता कायदा पाहू. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर व सार्वजनिक जागेत कचरा जाळण्यास मनाई केली. बागेतला पाला आपल्या आवारात वेगळा साठवून पालिकेच्या सूचनेप्रमाणे त्याची वाट लावावी, असेही त्यांत सांगितले होते. "आम्ही आमच्या आवारात जाळतो" असे म्हणणाऱ्यांना वाटले, आपण सुटलो. परंतु 22 डिसेंबर 2016 रोजी राष्ट्रीय हरित लवादाने कोणत्याही जमिनीवर उघड्यावर कचरा जाळण्यास पूर्ण बंदी केली. साध्या प्रसंगी 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. ही भरपाई कोणी द्यायची? जाळण्यास जबाबदार असलेल्या कोणत्याही व्यक्तीने वा संस्थेने. हे शब्द नीट ध्यानात ठेवा. त्यांत केवळ काडी ओढणारा हात येत नाही. हुकूम देणारे तोंडही येते. शिवाय झाडाच्या बुंध्याशी ढीग पेटवाल, तर महाराष्ट्राचा 1975 चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा आहेच. झाड जाळणे वा त्याला इजा करणे हे त्या कायद्याने झाड तोडण्यातच मोडते.

मग पाने टाकायची कुठे? आवाराच्या कोपऱ्यात मीटरभर लांब-रुंद-उंच जाळीचा हौद करा. तीन टोपल्या सुकी पाने, एक टोपली स्वयंपाकघरातला ओला कचरा, असे थर घाला. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. आठवड्यातून एकदा ढीग वरखाली करा. आत उष्णता वाढते, पाने कुजतात आणि काही महिन्यांत काळे खत मिळते. उरलेली पाने झाडांच्या आळ्यांत पसरा. उन्हाळ्यात माती ओलसर राहील.

कुठे ढीग धुमसताना दिसला तर नुसते वरून पाणी मारून निघून जाऊ नका. काठीने उकरा, पुन्हा पाणी घाला, कारण निखारा पोटात असतो. वाहने, विजेचे मीटर वा गॅसची नळी जवळ असेल तर लोकांना दूर करा आणि 101 ला फोन लावा.

सोसायटीच्या पुढच्या सभेत आपण एवढेच विचारा : पाचोळ्यासाठी जागा कोणती, तो उचलण्याचा वार कोणता, आणि जबाबदार कोण? उत्तरे लिहून घ्या व फाटकाशी लावा. जागा आणि गाडी मिळाल्यावर कोणताही झाडूवाला हौसेने धूर खात बसणार नाही. त्याच्या हातातली काडी काढून घ्यायची असेल, तर आधी त्याच्या हाती ती का आली, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.