लाल गोळी वस्तीपर्यंत पोहोचते, पोटात जाते का?

औरंगपुऱ्यात महात्मा फुले चौकात आपण जयंतीला जमतो. तिथून जवळच जिल्हा परिषद आहे. गावोगावच्या आरोग्य केंद्रांतून गरोदर बायांना मिळणारी लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी याच जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाच्या अखत्यारीत येते. तिच्यासाठी आपण कधी निवेदन दिल्याचे आठवत नाही.

या गोळीतले अर्धे औषध मुंबईच्या गिरणी कामगार बायांमुळे सापडले. 1928 साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर, गरीब कामगार बायांना एक जीवघेणा रक्तक्षय होत होता. निकृष्ट आहार हे त्याचे कारण आहे आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी 1931 साली दाखवून दिले. अर्कातला तो घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. त्याच 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

केंद्र सरकारने 1970 साली गोळ्यांचा कार्यक्रम सुरू केला. 2018 पासून तो 'ॲनिमिया मुक्त भारत' म्हणून चालतो. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा 180 गोळ्या आणि बाळंतपणानंतर आणखी 180. सगळे फुकट.

आता आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 180 दिवस गोळ्या घेणाऱ्या माता 2015-16 मध्ये 14.4 टक्के होत्या, त्या 2019-21 मध्ये 26 टक्के झाल्या. म्हणजे चारातल्या तिघींचा कोर्स अजूनही अपुराच. याच काळात रक्तक्षय असलेल्या गरोदर स्त्रिया 50.4 वरून 52.2 टक्क्यांवर गेल्या.

असे का? गोळीने मळमळते, शौच काळी होते, बद्धकोष्ठ होते. हे आधी कोणी सांगितलेले नसते, मग घाबरून पाकीट फळीवर जाते. बऱ्याच घरांत सासूबाई म्हणतात, गोळीने बाळ मोठे होईल, बाळंतपण अवघड जाईल. कुणी ती चहाबरोबर घेते, कुणी कॅल्शियमच्या गोळीसोबत. दोन्हींमुळे लोह नीट शोषले जात नाही. जेवणानंतर तासाभराने, शक्यतो लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

आणि आपल्या मराठवाड्याचा खास प्रश्न ऊसतोडीचा. कोर्स सहा महिन्यांचा, हंगामही जवळपास तेवढाच. बाई फडावर, तिचे नाव मात्र गावच्या आशाताईंच्या वहीत. निघतानाच सगळ्या गोळ्या आणि माता-बाल कार्ड हातात पडले नाही, तर त्या कोर्सचे काय होणार?

शिवाय रक्तक्षय काही फक्त लोहाच्या कमतरतेचा नसतो. बी-12 कमी असले तरी तो होतो. 15 जीवनसत्त्वे आणि खनिजे असलेली एकच गोळी आहे, इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरच्या मोठ्या चाचणीत तिने तान्ह्या बाळांचे मृत्यू 18 टक्क्यांनी कमी केले. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्याकडे ती यावी की नाही, यावर चर्चा जरूर व्हावी. पण जी व्यवस्था दोन औषधांची गोळी पोटापर्यंत नेत नाही, ती पंधरांची कशी नेणार, हेही विचारले पाहिजे.

रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे काढू. वस्तीत गरोदर किती, 180 गोळ्या कुणाला मिळाल्या, उपकेंद्रात साठा कधी संपला होता, हे उपासिका आणि आशाताईंना विचारून वहीत लिहू. फडावर जाणाऱ्यांची नावे दसऱ्याआधीच काढू. मग ती वही घेऊन औरंगपुऱ्यात जाऊ.