बंदुकीचा बोअर: आकडा लहान, नळी मोठी

पीक राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळाला की प्रश्न येतो, बोअर कोणता घ्यावा? नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा घ्या. असे १२ गोळे मिळून एक पौंड भरले, तर ती १२ बोअर. म्हणूनच आकडा वाढला की नळी बारीक होते. १२ बोअरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटर, २० ची १५.६.

१२ बोअरमध्ये छर्रे जास्त मावतात; पण बंदूक जड आणि खांद्याला धक्काही मोठा. किरकोळ अंगाच्या माणसाला २० बोअर बरी पेलते.

घरात दोन्ही असतील, तर काडतुसे एका पिशवीत कधीही ठेवू नका. २० चे काडतूस १२ च्या नळीत पुढे घसरून अडकते. चाप ओढूनही बार होत नाही. नळी रिकामी समजून मागे १२ चे काडतूस भरले, तर नळी फुटून हात जातो. म्हणून भरण्यापूर्वी बंदूक उघडून नळीतून उजेड दिसतो का, ते पाहावे.

परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. रानडुकराचा उपद्रव असला तरी आधी वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी.