बांधावरचा थ्रेशर आणि मुलांच्या हातातला ब्रश

धानाची कापणी झाली की नवेगाव बांधच्या परिसरातली शेते मोकळी होतात आणि एरवी हिरवळीत दडलेल्या वस्तू दिसू लागतात. बांधावर गंजलेला थ्रेशर, झुडपात रुतलेले डिझेल इंजिन, चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लावायची लोखंडी चाके, मोडके खाचर. मागे डोंगर आणि अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तलाव. चित्रासाठी याहून चांगला विषय मुलांना कुठे मिळणार?

पण आपल्या अनेक घरांत मुलाने चित्रकलेची वही उघडली की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. ही काळजी दीनच्या भावनेतून येते, तिचा आम्ही आदर करतो. जिवंत प्राण्यांच्या चित्रांबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. मात्र झाडे, डोंगर, इमारती, यंत्रे यांच्या चित्रांना सर्वसाधारणपणे हरकत घेतली जात नाही. चित्रांवर पोट भरणाऱ्या एका कारागिराला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडे आणि प्राण नसलेल्या वस्तू काढण्याचा सल्ला दिल्याचे सहीह बुखारीत नमूद आहे. मग एका शंकेपायी मुलाची सगळी वहीच का मिटायची? मंडला जिल्ह्यातील जंगलात वाढलेले, नागपुरात कला शिकलेले सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) जगभर ओळखले गेले ते निसर्गदृश्यांमुळे आणि ‘बिंदू’मुळे.

या चित्रकलेचा दुसराही फायदा आहे. थ्रेशर काढायचा तर पट्टा कुठून कुठे जातो, कोणते चाक कशाने फिरते, हे नीट पाहावे लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी सुरुवातीला तो घेईनात, तरी ते डगमगले नाहीत. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. शासकीय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनाही वस्तुचित्र असतेच.

मुलांना नेताना काही गोष्टी पाळाव्यात. यंत्र पडीक दिसले तरी त्याला मालक आहे, आधी त्याची परवानगी घ्यावी. गंजलेल्या पत्र्याला हात लावू देऊ नये आणि झुडपात सापविंचू नाही ना, हे मोठ्यांनी पाहावे. सकाळी ऊन तिरपे असते, तेव्हा बसावे. आधी पेन्सिलीने मोठे आकार, मग बारकावे. गंज म्हणजे एकच तपकिरी रंग नव्हे. त्यात शेंदरी, काळपट, जांभळी झाक असते आणि मूळचा निळा-हिरवा रंगही कुठेतरी शिल्लक असतो.

घरी आल्यावर ते चित्र दादा-दादींना दाखवावे. प्रत्येक भागाचे नाव, त्यावर कोणी काम केले, एका हंगामात किती घरांचे धान मळले, हे विचारून चित्रामागे लिहावे. उद्या भंगारवाला हे लोखंड किलोवर नेईल. त्यात त्याची हलाल रोजी आहे, तक्रार नाही. पण त्या लोखंडाबरोबर आपल्या वडीलधाऱ्यांच्या मेहनतीची आठवणही जाऊ द्यायची का, हे मात्र आपल्या हातात आहे. या सुट्टीत वही आणि रंग घेऊन एकदा बांधावर जाऊन यावे.