केंद्रकी आणि तिचे कार्य

उच्च प्राथमिक वर्गांत पेशीची आकृती काढताना केंद्रकाच्या आत एक गडद ठिपका दाखविण्याची रीत आहे. त्यास केंद्रकी म्हणतात. विद्यार्थी नाव पाठ करतात. परंतु ‘हा ठिपका तेथे करतो काय?’ असे एखाद्याने विचारल्यास त्याचे समाधान करता येणे अगत्याचे होय.

पेशीला लागणारी प्रथिने रायबोसोम नामक सूक्ष्म कणांवर तयार होतात. या रायबोसोमांची घडण केंद्रकीत होते. गुणसूत्रांच्या ठराविक भागांभोवती ती आकारास येते. तेथील डीएनएवरून आरएनएचे रेणू बनतात. पेशीद्रव्यातून आत आलेली प्रथिने त्यांस जोडली जाऊन रायबोसोमाचा एक लहान व एक मोठा असे दोन भाग सिद्ध होतात. हे भाग केंद्रकपटलाच्या छिद्रांतून बाहेर पडतात व पेशीद्रव्यात एकत्र येऊन प्रथिने घडवू लागतात. तिफण सुताराकडे तयार होते, चालते मात्र शेतात; तसाच हा प्रकार होय. केंद्रकीला स्वतःचे आवरण नसते. पेशीविभाजनाच्या वेळी ती दिसेनाशी होते व विभाजनाअखेर पुन्हा तयार होते.

हे कार्य प्रयोगाने सिद्ध झालेले आहे. डोनल्ड ब्राउन व जॉन गर्डन यांनी आफ्रिकेतील एका जातीच्या बेडकांवरील संशोधन १९६४ साली प्रसिद्ध केले. ज्या भ्रूणांत केंद्रकी नव्हती, त्यांत रायबोसोमांचे आरएनए तयार होत नव्हते. मातेने अंड्यात साठविलेल्या रायबोसोमांच्या शिदोरीवर ते काही दिवस वाढले; पुढे ती अपुरी पडून ते मरण पावले.

जेथे प्रथिने अधिक लागतात, तेथे केंद्रकी मोठी व ठळक असते. वसमत, कळमनुरीकडील मुलांना हळदीच्या बेण्यास फुटणारा कोंब परिचित असतो. अशा वाढत्या टोकांतील पेशींना प्रथिनांची गरज फार असते, हे त्यांस त्या निमित्ताने सांगावे.

सूक्ष्मदर्शक उपलब्ध असल्यास कांद्याच्या पातळ पापुद्र्यावर सौम्य आयोडीनचा थेंब टाकून निरीक्षण करावे. पिवळसर तपकिरी केंद्रक दिसेल. अधिक वर्धनाखाली त्यात एकदोन ठिपकेही आढळू शकतील. मुलांनी जे पाहिले तेवढेच वहीत काढावे आणि आकृतीखाली केंद्रकीचे कार्य स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहावे.