हिंदूरावांचा बंगला आणि ग्वाल्हेरची गायकी

दिल्लीच्या सहलीत लाल किल्ला आणि कुतुबमिनार पाहून झाल्यावर मराठी प्रवाशाने एक दिवस अवश्य राखून ठेवावा. त्यातील सकाळ उत्तर दिल्लीच्या टेकडीसाठी आणि संध्याकाळ गाण्यासाठी असावी.

या टेकडीवर महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय आहे. त्याचे नाव ‘हिंदूराव’. पाटी वाचताच मराठी पाऊल थबकते. हे हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातील सरदार आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने येथे बंगला बांधला होता. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि पुढे तो बंगला हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या रणधुमाळीत तोफगोळ्यांनी त्याची चाळण झाली. आज त्या आवारात रुग्णांची वर्दळ असते. जवळच अशोकस्तंभ मात्र उभा आहे.

अशा सरदारांचे दिवाणखाने हीच एके काळी गायकांची व्यासपीठे होती. युरोपातील ‘चेंबर म्युझिक’ उमरावांच्या दालनांत वाढले, तशीच आपली ख्यालाची बैठक राजेरजवाड्यांच्या आश्रयाने बहरली. मोजके कलावंत, मोजके श्रोते आणि मध्ये अंतर जवळजवळ नाहीच. ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारात हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांनी ख्यालगायकीला वैभव मिळवून दिले. तेथूनच ही विद्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आली. इचलकरंजी, मिरज, कुरुंदवाड ही गावे कागलपासून फार दूर नाहीत. कुरुंदवाडचे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेस बाळकृष्णबुवांजवळ शिकले. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि दरबारी गाणे सामान्य श्रोत्यांसाठी खुले केले. त्यांचे शिष्य पं. विनायकराव पटवर्धन, आणि विनायकरावांचे शिष्य पं. विनयचंद्र मौद्गल्य. मौद्गल्यांनी १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. आज ते दीनदयाळ उपाध्याय मार्गावर आहे.

ज्या मुलखातून हिंदूराव दिल्लीस आले, त्याच मुलखातून ग्वाल्हेरचे गाणेही दिल्लीस पोहोचले. फरक एवढाच, की सरदाराच्या वैभवाची खूण नावापुरती उरली आणि गाणे मात्र नांदते राहिले.

म्हणून संध्याकाळी शहरात एखादी छोटी बैठक असेल, तर प्रवाशाने थोडे लवकर जाऊन पुढची जागा धरावी. तंबोरे जुळताना बोलू नये आणि भ्रमणध्वनी बंद ठेवावा. विलंबित तिलवाड्यातील बंदिशीची स्थायी आणि अंतरा सावकाश उलगडू द्यावा. सम येताच आपसूक मान डोलते, शेजारच्या अनोळखी श्रोत्याचीही त्याच क्षणी डोलते. त्यासाठी भाषा समान असावी लागत नाही.

वास्तू तोफांनी ढासळतात, त्यांचे मालक बदलतात. गाणे गुरूच्या कंठातून शिष्याच्या कंठात जाते. तेथे त्याचा वारस रक्ताचा असावा लागत नाही. ऐकणारा कान मात्र लागतो. पूर्वजांनी जपलेल्या या ठेवीत प्रवाशाने आपली एक संध्याकाळ जमा करावी.